त्यांच्यासाठी पाहिलेली तापी

डॉक्टरांना अंधारात दिसत नाही, हे मला लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत कळलं होतं. ते गुरांचे डॉक्टर. सगळा तालुका त्यांना डॉक्टर म्हणायचा, तशी मीही म्हणायला लागले आणि तेच तोंडात बसलं. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी मोलगीकडच्या डोंगरात काढली. अडलेली गाय सोडवायला कुणी संध्याकाळी बोलवायला आलं, की ते त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून चालत. लोकांना वाटायचं, डॉक्टर मोठे मायाळू, खांद्यावर हात टाकून बोलतात. खरं कारण फक्त मला माहीत होतं.

ते निवृत्त झाले आणि दिवसाचंही बिनसायला लागलं. समोरचं नीट दिसायचं, पण बाजूचं गळून जायचं. ताटाशेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या रोज लवंडायचा. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. एकदा बाजारात एका लहान मुलीला त्यांचा धक्का लागला, ती पडली आणि तिची आई त्यांना नको ते बोलली. ते मान खाली घालून घरी आले, आणि त्यानंतर बाजारात गेले नाहीत.

आमचा मुलगा सुरतेला असतो. त्याने तिथे त्यांचे डोळे तपासून घेतले. पडद्याचा आजार, घराण्यातून आलेला, औषध नाही, असं सांगितलं. नजर नळीसारखी अरुंद होत जाईल आणि शेवटी नळीही बुजेल. किती वर्षांत, ते कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. परतीच्या गाडीत डॉक्टर खिडकीशी बसले होते. नवापूर मागे गेलं. खांडबाऱ्याला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, आणि गाडी सुटताना ते एकदम म्हणाले, "माले एक होडी लेनी शे."

घरात आम्ही अहिराणीच बोलतो. मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"होडी? कसाले?"

"रस्तावर माले ठेचा लागतस. पान्यावर ठेच लागत नही."

डॉक्टरांना पाखरांचं वेड होतं. डोंगरात असताना दुर्बीण गळ्यात घालून ते पहाटे निघायचे. मी टपाल कचेरीत काउंटरवर बसणारी बाई. माझी नजर आयुष्यभर तिकिटं, शिक्के आणि सुट्ट्या पैशांवर राहिली. पाखरू म्हटलं की मला कावळा, चिमणी आणि मोर एवढंच कळायचं. त्यांचं वेड मी कधी अडवलं नाही, पण त्यात कधी शिरलेही नाही.

मुलाने खटपट करून वापरलेली कयाक मिळवली. नारिंगी प्लॅस्टिकची, लांबट, दोन माणसांनी पुढे-मागे बसायची आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने वल्हवायची. ती पिकअपमध्ये घालून आली तेव्हा माझ्या चुलतदिरांनी ती बोटाने वाजवून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, ही होडी शे का पन्हाळ?" त्यांचं केळीचं शेत तापीला लागून आहे. खाली बंधारा असल्यामुळे तिथे हिवाळ्यात नदी तळ्यासारखी भरलेली असते. शेतातल्या शेडमध्ये, ठिबकच्या नळ्यांच्या वेटोळ्यांवर ती कयाक ठेवली.

पहिल्यांदा बसले तेव्हा मी मनात सगळे देव आठवले. अंगावर पंजाबी ड्रेस, त्यावर फुगीर जाकीट, डोक्याला रुमाल. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मी पुढे बसले, डॉक्टर मागे. दिशा मागचा माणूस सांभाळतो. थोड्या वेळाने काठ मागे गेला, पाणी उपसणाऱ्या मोटारींचा आवाज बारीक झाला, आणि माझ्या लक्षात आलं की मागे बसलेला माणूस गुणगुणतोय. सुरतेहून आल्यापासून पहिल्यांदा.

असे आम्ही आठवड्यातून दोन-तीनदा जायला लागलो. डॉक्टरांना दुर्बिणीत पाखरू सापडायचं नाही, कारण नळीएवढ्या नजरेने एवढं मोठं पाणी शोधायचं कसं? मग आम्ही घड्याळ ठरवलं. होडीचं नाक म्हणजे बारा. उजवा हात तीन, डावा हात नऊ. मी सांगायची, "दहा वाजता, मोटारना पाइपवर बसेल शे. काया-पांढरा. चोच लांब." ते मान तेवढीच वळवायचे, थांबायचे, आणि त्यांच्या नजरेच्या भोकात पाखरू आलं की श्वास सोडायचे. "कवड्या धीवर," म्हणायचे. "आते देख, तो हवामा थांबी." आणि खरोखर तो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबायचा आणि दगडासारखा खाली पडायचा.

मी सांगत गेले तशी मला दिसायला लागली. पंख वाळवणारा पाणकावळा आणि नुसता बसलेला पाणकावळा यांत मला फरक कळू लागला. थंडीत चक्रवाकांची जोडी यायची, केशरी अंगाची. गाळात पाय रोवून उभे असलेले शेकाटे, लाल काडीसारख्या पायांचे. उन्हाला आलेली कासवं आम्हाला पाहून एकामागून एक टुप टुप पाण्यात जायची आणि मी मोठ्याने हसायची. साठी जवळ आलेली बाई, आणि मला कुणी नवीन शाळेत घातल्यासारखं झालं होतं.

एके सकाळी डॉक्टर वल्हवता वल्हवता थेट एका मोटारीच्या लोखंडी खांबावर गेले. मी ओरडले, पण होडी धडकलीच. मी पाण्यात पडता पडता राहिले, आणि खांबाच्या तुटक्या पत्र्याने त्यांच्या हाताला मोठी जखम झाली. खांब पाण्याबाहेर पुरुषभर उंच होता. काठावर आल्यावर त्यांनी रुमालाने हात बांधून घेतला आणि म्हणाले, "आते तू मांगे बस."

एवढंच. पण आम्हा दोघांनाही कळलं होतं काय झालं ते. त्या दिवसापासून मी मागे आणि ते पुढे. आधी त्यांचा आवाज माझ्या पाठीशी असायचा, आता त्यांची पाठ माझ्या डोळ्यांसमोर आली. ती पाठ इतकी अरुंद झालीय हे मी घरात कधी पाहिलंच नव्हतं.

त्याच हिवाळ्यात त्यांनी एक गोष्ट मागितली. तापी समुद्राला मिळते तिथे त्यांना जायचं होतं. भरती-ओहोटीचं पाणी, खारफुटी, तिथली पाखरं, हे सगळं त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. "दिखस तोवर," ते म्हणाले. मुलाने टेम्पो ठरवला. आम्ही गाडीने गेलो, कयाक रस्त्याने आली.

तिथली तापी पाहून मला ती आमची नदी वाटेना. पलीकडचा काठ धुक्यात, कारखान्यांच्या चिमण्या आणि मोठमोठी जहाजं. पण एका बाजूला खारफुटीचं रान होतं आणि त्यात शिरणाऱ्या अरुंद खाड्या. भरतीचं पाणी आत चाललं होतं. आम्ही वल्ही नुसती धरली आणि पाण्यानेच आम्हाला आत नेलं. दोन्ही बाजूंना चिखलातून बोटांसारखी मुळं वर आलेली. डोक्यावरून बगळे जात होते. एका वळणावर उघडं पाणी लागलं आणि मी वल्हं थांबवलं.

"काय शे?" त्यांनी विचारलं.

"बारापासून दोन वाजापावत. गुलाबी. बठ्ठं गुलाबी."

रोहित पक्षी होते, फ्लेमिंगो. शेकडो असावेत. माना वाकवून, चोची उलट्या करून चिखल चाळत होते. डॉक्टरांनी दुर्बीण लावली नाही. त्यांनी मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेली, शेत नांगरावं तशी, एक सरी झाली की दुसरी. त्यांना थवा म्हणून दिसतच नव्हता. एका वेळी एक पाखरू दिसत होतं, आणि ते एकेक करून थवा जुळवत होते.

आम्ही तिथे फार वेळ थांबलो. परत फिरलो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. ओहोटी लागते म्हणजे पाणी सावकाश जात असेल अशी माझी समजूत. तिथे ते कुणी बूच काढल्यासारखं गेलं. मी जीव खाऊन वल्हवत होते, आणि बघता बघता होडीचा तळ घासला, मग रुतला. चारी बाजूंना चकाकता चिखल. डॉक्टरांनी वल्हं खाली खोचून पाहिलं, ते अर्ध्याहून जास्त आत गेलं.

"उतरू नको," ते म्हणाले. "पानी परत ई तोवर आठेच बसनं शे."

मुलाचा फोन आला. तो घाबरला होता, कुणाला तरी पाठवतो म्हणत होता. डॉक्टर त्याला शांतपणे म्हणाले, "आम्ही बरे आहोत. पाणी आलं की येतो." सूनबाई मराठी शाळेत शिकवते, तिच्यामुळे मुलाशी बोलताना ते शुद्ध बोलतात.

मी छत्री उघडली. डब्यातल्या दशम्या आणि लसणाची चटणी काढली. आम्ही खाल्लं. आणि मग तो चिखल जिवंत झाला. आधी टिचकी वाजवल्यासारखे आवाज आले. मग भोकाभोकांतून खेकडे निघाले, नखाएवढे, प्रत्येकाची एक नांगी अंगापेक्षा मोठी. ती उचलून ते एकमेकांना बोलावल्यासारखं करत होते. आणि होडीच्या अगदी कडेला, डॉक्टरांच्या हाताखाली, एक मासा चिखलावरून चालत आला. खरंच चालत. पुढच्या दोन परांवर रेटत, डोक्यावर आलेल्या डोळ्यांनी इकडेतिकडे बघत.

डॉक्टर कडेवर वाकले. हा मासा जवळ होता, लहान होता, आणि फारसा हलत नव्हता. त्यांच्या नजरेच्या नळीत तो पुरता मावत होता.

"निवटी," ते कुजबुजले. "कोकनमा निवटी म्हन्तस."

मग त्यांनी पहिल्यांदा मला सांगायला सुरुवात केली. तो डोळे कसे आत ओढून ओले करून घेतो, तोंडात पाणी कसं धरून ठेवतो, दुसरी निवटी आली की पाठीवरचा पर कसा उभा करतो. मी त्यांच्या पाठीमागून ऐकत होते. ते वाकल्यामुळे मासा मला आता दिसत नव्हता, मला त्यांचं डोकं आणि कान दिसत होते. दुपारभर ते त्या एकाच माशाकडे बघत राहिले. ऊन उतरलं, दुरून पाण्याची रेघ चिखलावर सरकत आली, आणि मासा बिळात गेला. होडी एका बाजूने हलली, मग दुसऱ्या बाजूने, आणि तरंगली. डॉक्टर सरळ बसले आणि म्हणाले, "पोट भरनं."

मी आयुष्यात त्यांना इतकं तृप्त कधी पाहिलं नव्हतं. आणि मला रडू येत होतं, कारण मला माहीत होतं की ते निरोप घेत होते.

पुढच्या वर्षी फाल्गुनापर्यंत नळी जवळजवळ बुजली. उजेड आणि सावली एवढं राहिलं. तरी आम्ही नदीवर जात होतो. आता घड्याळ उपयोगाचं नव्हतं, आता मी नुसतं सांगायचं. मी सांगताना चाचपडायची, मग रंग, आकार, पाखराची ऐट, असं एकेक शब्द शोधून काढायची. ते ऐकायचे, मधे एखादा प्रश्न विचारायचे. "शेपटी फाटेल शे का?" "पाय मांगे दिखतस का उडताना?" आणि मग नाव सांगायचे.

उन्हाळ्यात बंधाऱ्यातलं पाणी खाली गेलं आणि मधोमध वाळूचा पट्टा वर आला. तिथे सुरयांनी अंडी घातली. नदी सुरय म्हणजे करड्या अंगाचं, काळ्या टोपीचं, पिवळ्या चोचीचं देखणं पाखरू. घरटं कसलं, वाळूत नुसती खळगी. आम्ही लांबूनच बघायचो, होडी जवळ नेली नाही. मी सांगायची, एक अंड्यांवर बसलीय, नर मासा घेऊन आला, त्याने तो तिच्या चोचीत दिला, ती उठत नाही. ऊन चढलं की बसलेली सुरय उडून नदीत पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटाने अंडी झाकायची. हे मी सांगितलं तेव्हा डॉक्टर मागे वळले. मग म्हणाले, "तू आते मन्हापेक्षा चांगलं देखस."

पहिली पिल्लं निघाली. वाळूच्याच रंगाची, हलली तरच कळणारी. डॉक्टर रोज विचारायचे, आज किती दिसली.

आमच्याकडे त्या उन्हाळ्यात पाण्याची फार टंचाई होती. नदीकाठच्या गावांच्या विहिरी आटल्या होत्या, आणि आमच्या गल्लीत टँकर यायचा. पिण्यासाठी वरच्या धरणातून नदीत पाणी सोडणार अशी बातमी होती. सगळे त्याची वाट बघत होते. मीही.

त्या सकाळी आम्ही शेतातून काठावर आलो तेव्हा पाणी नेहमीच्या जागेपेक्षा बरंच वर होतं. मी काही बोलले नाही. होडी लोटली, डॉक्टरांना बसवलं. अर्ध्यात गेलो आणि आवाज ऐकू आला. सगळ्या सुरया हवेत होत्या आणि एकसारख्या ओरडत होत्या.

"त्या इतल्या कसाले वरडी ऱ्हायन्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

मी वल्हं थांबवलं. पट्टा कुठे होता तेच मला कळेना.

"पानी चढनं," मी म्हटलं.

"पट्टा?"

"नही शे."

त्यांनी दोन्ही हातांनी होडीची कड धरली. "माले बठ्ठं सांग," ते म्हणाले. "काहीच ठेवू नको."

मी सगळं सांगितलं. पाणी गढूळ आहे. वर जलपर्णीचे पुंजके वाहत येतायत. एका पुंजक्याला अंडं अडकलंय, ठिपक्यांचं. सुरया जिथे खळगी होती त्या जागेवर खाली येतात, पाण्याला पाय लावतात आणि परत वर जातात. पिल्लं दिसत नाहीत. मग दिसलं. एक पिल्लू, जलपर्णीच्या पानांवर, पंख पसरून चिकटून बसलेलं, बंधाऱ्याच्या दिशेने चाललेलं. त्याच्यावर एक सुरय घिरट्या घालत होती.

"मी उचलस त्याले," मी म्हटलं.

"नको. हातवर नही जगाव ते. मायले तेनापासून तोडू नको." मग म्हणाले, "तो पुंजका लोटता येई का?"

आम्ही होडीचं नाक त्या पुंजक्याला लावलं. फार हळू. डॉक्टर पुढे होते, त्यांनी वल्ह्याचं पातं पुंजक्याखाली घालून तो धरून ठेवला. ते मान खाली घालून बसले होते, आता वर करून तरी काय. मी "डावीकडे", "थांबा", "आते सोडा" असं सांगत होते आणि मागून वल्हवत होते. प्रवाह ओढत होता. सुरय आमच्या डोक्यावर झेपावत होती, एकदा तिने डॉक्टरांच्या टोपीला चोच मारली. "बरोबर शे तुन्हं," ते तिला म्हणाले. कितीतरी वेळाने पुंजका पलीकडच्या काठाच्या उथळ वाळूला लागला. पिल्लू उठलं, लटपटलं आणि गवताच्या बुडाशी जाऊन बसलं. सुरय खाली उतरली.

"उतरनी?" त्यांनी विचारलं.

"उतरनी. जोडे बसेल शे."

त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, मी मागे होते. पण खांदे सैल झालेले दिसले. घरी आलो तर नळाला पाणी आलेलं. सगळी गल्ली भांडी भरत होती. मीही भरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उजाडायच्या आत मला उठवलं. आम्ही पलीकडच्या काठाला गेलो. गवताच्या बुडाशी काही नव्हतं. ओल्या वाळूत पावलं उमटली होती. सुरय कुठेच नव्हती.

"काय दिखी ऱ्हायनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुत्रासना पाय दिखतस."

"आखो?"

"आखो काहीच नही."

"बरं," ते म्हणाले. परत येताना त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि एकदाही पाण्यात घातलं नाही. मी एकटीने वल्हवलं.

त्यानंतर ते नदीवर आले नाहीत. मी दोन-तीनदा चला म्हटलं, ते उद्या म्हणायचे. मग मी एकटीच गेले. पुढे वजन नसल्यामुळे कयाकचं नाक उचललं जात होतं आणि वारा तिला वाटेल तशी फिरवत होता. तरी मी पाहिलं. एक तांबूस रंगाचा लहान बगळा, आधी कधी न दिसलेला, दिवसा उजेडी वेताच्या बेटात उभा. मी धावत घरी आले, चप्पल काढायच्या आत सांगायला लागले. मान कशी, पंख कसे, उभं राहण्याची रीत कशी. डॉक्टर पलंगावर बसले होते. त्यांनी हात वर केला.

"थांब," ते म्हणाले. "तू सांगस तव्हय माले बठ्ठं दिखस. मंग तू चूप व्हस, अन् बठ्ठं परत जास. रोज नवा आंधया व्हनं माले सहन नही व्हत."

ते रागावून बोलले नव्हते. पाणी दे म्हणावं तसे बोलले. मी त्यांच्याजवळ बसले. त्या बगळ्याचं नाव मला अजून माहीत नाही.

आता उजेड-सावलीही गेली आहे. डॉक्टर रेडिओ ऐकतात, शेंगा सोलतात, नातवाशी फोनवर बोलतात. कुणाची म्हैस आजारी असली तर लोक अजून विचारायला येतात, आणि ते नीट विचारपूस करून उपाय सांगतात. कयाक चुलतदीर वापरतात, मोटारीच्या तोंडाशी अडकलेली जलपर्णी काढायला. आमचा संसार तसा शांत आहे. फक्त माझे डोळे आता मिटत नाहीत. बसमधून जाताना तारेवर कोण बसलंय ते मला दिसतं, तळ्यात कोण उतरलंय ते दिसतं, आणि ते सांगायला मला माणूस नाही. त्यांच्यासाठी शिकलेली गोष्ट त्यांच्याचपासून लपवावी लागते.

परवा सकाळी आम्ही गच्चीवर कोवळ्या उन्हात बसलो होतो. थंडी नुकतीच सुरू झालेली. कठड्यावर एक धोबी पक्षी येऊन उतरला, यंदाचा पहिलाच, शेपटी खालीवर करत. तो चिक चिक ओरडला. डॉक्टरांनी मान त्या बाजूला वळवली. त्यांना कळलं होतं कोण ते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. विचारतील असं वाटलं.

"उन लागी ऱ्हायनं," ते म्हणाले. "मी खाले जास."

ते उठले आणि भिंतीला हात लावत जिन्याकडे गेले. पायऱ्यांवरची त्यांची पावलं मी शेवटपर्यंत ऐकली. मग धोबी उडून जाईपर्यंत मी तिथेच बसून राहिले.